कोणत्या कुशीवर

८ फेब्रुवारी २०१५

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. आता तुला भिंगरी म्हणायचं की प्राध्यापकबाई, ते तूच कळव.

पेपरात तुझा फोटो आलाय. लहानपणी औषध घेताना करायचीस तसंच तोंड केलंयस. मामीनं कात्रण कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय, म्हणजे कपाट उघडताना तिला रोज दिसतं आणि मला दिसत नाही. त्याआधी मी तो पेपर केस कापायला जाताना बरोबर नेला आणि खुर्चीत बसल्या बसल्या न्हाव्याला सांगितलं, की ही माझी सख्खी भाची, हिला छातीच्या एक्स-रेची पहिली प्लेट मी दाखवली. तो म्हणाला, काका, मान हलवू नका. लोकांना कशाचं कौतुकच नाही.

तू तेव्हा आठ वर्षांची असशील. शाळा सुटल्यावर आई कामावरून येईपर्यंत दवाखान्यात माझ्या एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकावर बसायचीस. मी दिवसभर लोकांना म्हणायचो, श्वास घ्या, रोखा, सोडा. एकदा तू मला विचारलंस, मामा, श्वास रोखून काढलेला फोटो हा श्वासाचा फोटो कसा? मी तुला गोळी दिली आणि गप्प बसवलं. तू काही गप्प बसली नाहीस, त्याच प्रश्नावर सगळं आयुष्य काढलंस. भौतिकशास्त्र घेतलंस तेव्हा घरात सगळ्यांनी नाकं मुरडली होती, तुझ्या बाबांना डॉक्टर मुलगी हवी होती. आता डॉक्टरच तुझ्या दाराशी येतात म्हणे.

पेपरात लिहिलंय की तू फुप्फुसांची चित्रं काढतेस आणि जनुकांचं औषधही करतेस. चित्रांचं मला कळतं, जनुकांचं समजावून सांग. एखादा फोटो पाठव. फोन करू नकोस, मला हल्ली फोनवर निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनानं भरतो. कागदावर लिही.

तुझा मामा

१ मार्च २०१५

प्रिय मामा,

नमस्कार. भिंगरीच म्हण. इथं मला त्या नावानं हाक मारणारं कुणी नाही.

तुझ्या गोळीवर मी गप्प बसले नाही हे खरं आहे. पहिली बारा वर्षं मी नुसती चित्रंच काढली. श्वास सोडून झाल्यावर पुढचा घेण्याआधी छाती क्षणभर स्वस्थ असते ना, तेवढ्या फटीत एक चित्र. पुढच्या श्वासाच्या फटीत दुसरं. अशी शेकडो चित्रं जोडली की जिवंत श्वासनळी आतून काम करताना दिसते. नळीच्या आत बारीक लव असते, ती धूळ आणि कफ झाडूसारखी वर ढकलत राहते. मी काचेचे अगदी सूक्ष्म कण आत सोडते आणि ते वर कसे सरकतात ते पाहते. निरोगी नळीत ते मुंग्यांच्या रांगेसारखे चालतात. काही माणसांत जन्मापासून कफ डिंकासारखा चिकट असतो, तिथं ते कण जागच्या जागी बसून राहतात.

आता जनुकाचं. या माणसांच्या पेशींत एक सूचना चुकीची लिहिलेली असते. आम्ही एका विषाणूचा त्रास देण्याचा गुण काढून टाकतो, त्याच्या पोटात बरोबर सूचना भरतो आणि तो फुप्फुसात सोडतो. असं औषध करणारे माझ्याआधीही पुष्कळ होते. पण ते आत गेल्यावर पोचलं की नाही, हे कुणाला दिसत नव्हतं. ते मला दिसतं, म्हणून मी यात पडले.

चोवीस उंदरांवर करून पाहिलं, बारा-बाराच्या दोन तुकड्या. प्रत्येकाच्या उजव्या फुप्फुसात औषध, डावं तुलनेसाठी तसंच. पहिल्या तुकडीत उजवीकडचे कण सरकायला लागले. दुसऱ्या तुकडीत तर पळायलाच लागले. आमचे विभागप्रमुख कधी हसत नाहीत, त्यांनी मला स्वतःच्या हातानं कॉफी करून दिली.

वीस जूनला समिती बसणार आहे. माणसांना हे औषध द्यायचं की नाही ते ती ठरवेल. सात जण तयार आहेत. यादीत पहिली एक शिंपीणबाई आहे, बत्तीस वर्षांची. खोकला आला की मशिनच्या चाकावर हात ठेवते, म्हणजे टाका हलत नाही. श्वासाची ताकद ठरावीक रेषेच्या वर असेल तरच आम्हाला औषध देता येतं. ती रेषेच्या जेमतेम वर आहे आणि दर महिन्याला थोडी खाली येतेय. म्हणून वीस जूनची मी इतकी वाट पाहतेय.

दुसऱ्या तुकडीची दोन चित्रं पाठवतेय. मामीला दाखव.

तुझी भिंगरी

१५ मार्च २०१५

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. तुझी चित्रं मी खिडकीच्या काचेला लावून पाहिली, जुन्या सवयीनं. जिवंत उंदराच्या नळीतला कण दिसतो म्हणजे काय गं. आम्हाला पेशंट जरा हलला तर बरगडी दिसायची नाही. मामी म्हणाली, हिला लहानपणी सुईत दोरा ओवता येत नव्हता. मी म्हटलं, म्हणून तर ती शिवणकामात गेली नाही.

एकच विचारतो, रागावू नकोस. ही बाजू कोणती? इतक्या जवळून काढलंयस की हृदय नाही, बरगडी नाही, काही अंदाजच येत नाही. आम्ही प्लेटखाली शिशाचं अक्षर ठेवत असू, उजवं की डावं ते त्यावर उमटायचं. तुझ्या चित्रावर कुठं खूण दिसली नाही. चष्मा बदलायला झालाय, त्यामुळंही असेल.

तुझा मामा

२८ मार्च २०१५

मामा,

घाईत लिहितेय. खुणा आता चित्रावर नसतात, बाजू कॉम्प्युटर लावतो. प्राणी टेबलावर कसा ठेवलाय हे त्याला ठाऊक असतं. शिशाची अक्षरं गेली आता. समितीची सहाशे पानं तयार करायची आहेत, तेव्हा जूनपर्यंत पत्र आलं नाही तर काळजी करू नकोस.

भिंगरी

२६ एप्रिल २०१५

चि. प्राध्यापकबाईंस,

शिशाची अक्षरं गेली, तशी ती ठेवणारी माणसंही जायच्या बेतात आहेत. तोवर दोन ओळी लिहायला हरकत नसावी. मामी म्हणते, पोरीला कामं असतात, तू उगाच फुगून बसतोस. मी फुगलेलो नाही.

मामा

२ मे २०१५

प्रिय मामा,

तू फुगलास ते बरोबर होतं. पण मी कामामुळं गप्प नव्हते.

तुला ते उद्धट पत्र टाकलं आणि दोन दिवसांनी विचार केला, की मामाला एकदा खूण काढून दाखवू, म्हणजे तो गप्प बसेल. म्हणून दुसऱ्या तुकडीची मूळ नोंदवही काढली. दुसऱ्या तुकडीच्या वेळी नवीन टेबल आलं होतं. त्यावर प्राणी पालथा ठेवला तर श्वास जास्त सारखा चालतो, असं मला दिसलं, म्हणून मीच तसा ठेवायला सांगितला. वहीत माझ्याच अक्षरात लिहिलंय. कॉम्प्युटर मात्र आधीच्यासारखा प्राणी उताणा आहे असंच धरून चालला होता. त्याला सांगायचं मी विसरले.

तुला यापुढचं सांगायला नकोच. बाराच्या बारा उंदरांचं उजवं ते डावं झालंय. जिकडचे कण पळाले म्हणून मी कॉफी प्यायले, त्या बाजूला औषध दिलेलंच नव्हतं.

हे अजून कुणालाही माहीत नाही. पहिली तुकडी ठीक आहे, तीनदा तपासली. म्हणून ठरवलंय की दुसरी तुकडी काढून टाकायची आणि लिहायचं, नवीन टेबलामुळं ही चित्रं तुलनेला योग्य नव्हती. हे खोटंही नाही. पहिल्या तुकडीवर समिती परवानगी देईल, थोडी कुरकुर करेल पण देईल. सगळं उघड केलं तर दीड-दोन वर्षं सगळं बंद पडेल. शिंपीणबाईला तेवढा वेळ नाही. मी स्वतःसाठी करत नाहीये, मामा.

हे तुला का लिहिलं ते मला माहीत नाही. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

भिंगरी

९ मे २०१५

चि. भिंगरीस,

हे पत्र मामीनं वाचलेलं नाही. तूही तिला सांगू नकोस, मीच कधीतरी सांगेन.

एकोणचाळीस वर्षांपूर्वी एक ट्रक चालवणारा माणूस आला. एका फुप्फुसाभोवती इतकं पाणी साचलेलं, की हृदय ढकललं जाऊन भलतीकडं गेलं होतं. म्हणजे हृदयावरून बाजू ओळखायची सोय नव्हती. त्या दिवशी गर्दी होती आणि माझ्याकडून शिशाचं अक्षर ठेवायचं राहिलं. प्लेट धुऊन वाळत घातली, मग हातात घेऊन पेनानं अक्षर लिहिलं. प्लेट मी उलटी धरली होती.

आमच्या सर्जननं ती पाहून नळी घातली, ती चांगल्या बाजूला. तो माणूस बारा दिवस मरणाच्या दारात होता. वाचला, पण पुन्हा गाडी चालवली नाही. चौकशी लागली. चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी मी स्पिरिटचा बोळा घेतला, अक्षर पुसलं आणि योग्य बाजूला लिहिलं. चौकशीत प्लेट बरोबर निघाली आणि सर्जन चुकीचा निघाला. त्यानं मान्य केलं. पुढं निवृत्त होईपर्यंत तो बाहेरच्या खोलीत बसून लोकांचा खोकलाताप बघत होता. हात फार चांगला होता त्याचा. पुन्हा कधी सुरी धरली नाही.

मीही स्वतःसाठी केलं नाही असंच स्वतःला सांगत आलो. घरात तीन लहान मुलं होती, तुझी आजी अंथरुणाला होती. ते सगळं खरंच होतं. पण त्यानंतर अक्षर ठेवल्याशिवाय एकही प्लेट काढली नाही, आणि तुम्ही सगळे माझ्या काटेकोरपणाचं कौतुक करायचात, ते ऐकून मला घरातून उठून जावंसं वाटायचं. तो सर्जन आमच्याच भागात राहतो. समोरून आला की मी दुकानात शिरतो, काही घ्यायचं नसलं तरी.

तुला काय करायचं ते तू कर. तुला सांगणारा मी कोण. फक्त हे माहीत असू दे.

मामा

३० जून २०१५

प्रिय मामा,

सांगितलं.

समितीपुढं वही ठेवली आणि माझं अक्षर दाखवलं. कुणी ओरडलं नाही. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, हे तुम्हाला कुणी दाखवून दिलं? मी म्हटलं, एका निवृत्त एक्स-रे तंत्रज्ञानं. ते त्यांनी लिहून घेतलंय, तेव्हा तू आता सरकारदप्तरी आहेस.

परवानगी नाही. दुसऱ्या तुकडीवर छापून आलेला लेख मी मागे घेतला. शरदातल्या परिषदेत मुख्य भाषण माझं होतं, ते आता दुसरे करतील. दोघं सहकारी दुसरीकडं गेले, त्यांना मी दोष देत नाही. विभागप्रमुख म्हणाले, तुम्हाला कुणी विचारलं होतं का? कॉफी आता माझी मीच करते.

सगळ्यांत कठीण शिंपीणबाईला सांगणं होतं. तिच्या दुकानात गेले. ती कुणाचा तरी कोट उसवत बसली होती. सगळं ऐकून घेतलं, मध्ये दोनदा खोकली. मग म्हणाली, "चुकीचं शिवलेलं मीही कुणाला देत नाही, बाई. पण माझी गिऱ्हाइकं थांबू शकतात." आणि पुन्हा कोट उसवायला लागली. मी बसून राहिले. निघताना तिनं माझ्या बाहीचं सुटलेलं बटण लावून दिलं. मला रडू आलं, तिला नाही.

मामा, मात्र एक प्रश्न डोक्यातून जात नाही. दुसऱ्या तुकडीत औषध उजवीकडं दिलं हे पक्कं आहे. मग डावीकडचे कण का पळाले? तुकडीच काढून टाकली असती तर हा प्रश्न कुणाला पडलाच नसता. आता तो माझ्या बोकांडी बसलाय.

तुझी भिंगरी

१२ जुलै २०१५

चि. भिंगरीस,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मग मामीला समोर बसवून माझं सगळं सांगितलं. ती उठली आणि म्हणाली, भात खाली लागतोय, बघते. दोन दिवसांनी बोलायला लागली.

तुझा फोटो पेपरात आला तेव्हा मला अभिमान वाटला, पण तो सगळ्या जगाला वाटला असेल. आज जो वाटतोय तो माझ्या एकट्याचा आहे. मला जे एका पुसलेल्या अक्षराबद्दल जमलं नाही, ते तू भरल्या सभेत केलंस. माझी भाची माझ्यावर गेली नाही, देवाची कृपा.

तो प्रश्न सोडू नकोस. तू सोडणारी नाहीस म्हणा.

तुझा मामा

५ मार्च २०१७

प्रिय मामा,

मधल्या काळात तुला नुसती चार-चार ओळींची कार्डं टाकली, आज सवडीनं लिहितेय.

उत्तर सापडायला चौदा महिने लागले. पहिल्या तुकडीतले उंदीर औषध दिल्यावर शुद्धीवर येईपर्यंत उताणे पडलेले असायचे. नवीन टेबल अरुंद होतं, म्हणून दुसऱ्या तुकडीला उचलून बाजूला ठेवत, आणि ठेवणाऱ्याच्या हाताच्या सवयीनं सगळे डाव्या कुशीवर. औषध आपण सोडतो तिथं थांबत नाही, मामा. अंग ज्या कुशीवर असतं तिकडं ते उतरतं. छातीत पाणी झालेल्या पेशंटला कुशीवर झोपवून तू प्लेट काढायचास, पाणी खाली उतरलं की किती आहे ते दिसायचं. मी बाकावरून ते कितीदा पाहिलं होतं, आणि सुचायला इतकं वय व्हावं लागलं. मग आम्ही मुद्दाम करून पाहिलं. डाव्या कुशीवर ठेवलं की डावीकडचे कण चालतात, उजव्या कुशीवर ठेवलं की उजवीकडचे, आणि उताणं ठेवलं की औषध पसरून उजवीकडचे जेमतेम सरकतात, पहिल्या तुकडीसारखे. साठ प्राणी, प्रत्येक चित्रावर खूण.

त्या जूनमध्ये परवानगी मिळाली असती, तर सातही जणांना आम्ही उताणं झोपवून औषध दिलं असतं. ते अर्धवट पसरलं असतं, काही दिसलं नसतं, आणि औषध चालत नाही असं म्हणून सगळ्यांनी फाइल बंद केली असती. मीसुद्धा.

ऑक्टोबरात परवानगी मिळाली. शिंपीणबाई त्याआधी पाच महिने रेषेच्या खाली गेली होती. नियम मीच लिहिलाय, मलाच तो तिला वाचून दाखवावा लागला. ती म्हणाली, माझ्या धाकट्या भावाला बघा, त्याला हाच आजार आहे आणि तो अजून जिने चढतो. पहिलं औषध त्याला दिलं. उजव्या कुशीवर अर्धा तास न हलता पडून राहायचं होतं. तो चुळबुळ्या. ती नाकाला प्राणवायूची नळी लावून शेजारी बसली आणि त्याला म्हणाली, हललास तर गादीला शिवून टाकीन. अर्धा तास तो हलला नाही.

काल तीन महिन्यांचं चित्र काढलं. माणसांना आम्ही एक निरुपद्रवी वायू श्वासात घ्यायला देतो, हवा जिथं पोचते तो भाग चित्रात उजळतो. आधी त्याच्या उजव्या बाजूला तळाशी तळहाताएवढा अंधार होता. काल त्यातला निम्म्याहून जास्त उजळलेला होता. मी चित्र दोघांना दाखवलं. भाऊ म्हणाला, चांगलं आहे ना? बहिणीनं उजळलेल्या जागेवर बोट ठेवलं आणि ते बराच वेळ तिथून काढलं नाही.

मी पावणेदोन वर्षांपूर्वी गप्प राहिले असते तरी तिला औषध लागू पडलं नसतं, हे मला माहीत आहे आणि तिलाही समजावलंय. तरी तिच्यासमोर उभी राहिले की मी बाहीचं ते बटण चाचपत राहते. पुढच्या अर्जात रेषा खाली आणायची मागणी केलीय, तेवढं सुरक्षित आहे हे दाखवायला आता माझ्याकडं चित्रं आहेत.

तुझी भिंगरी

१९ मार्च २०१७

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आलं त्या दिवशी मामीनं कपाटातलं जुनं कात्रण काढलं आणि त्या जागी तुझं पत्र लावलं. मला वाचायला हवं असलं की कपाट उघडावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेला सदरा घातला आणि त्या सर्जनकडं गेलो. तो आता अठ्ठ्याऐंशीचा आहे, खुर्चीतून उठत नाही, पण डोकं लखलखीत. मला बघून म्हणाला, किती वर्षांनी, बस. मी बसलो नाही. बसलो असतो तर हवापाण्याच्या गप्पा मारून परत आलो असतो. उभ्या उभ्या सांगितलं, की प्लेट मी उलटी धरली होती, आणि चौकशीच्या आदल्या दिवशी अक्षर मी पुसलं. वाटलं, काठी फेकून मारेल. मारली असती तर बरं वाटलं असतं.

तो म्हणाला, "अक्षर कुठं होतं ते मला चौकशीच्या दिवशीही पक्कं आठवत होतं. पण ते बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, नळी घालण्याआधी छातीवर बोटं वाजवून पाहिलं होतं का. पाणी कुठं आहे ते बोटांना दोन मिनिटांत कळतं. मी नव्हतं पाहिलं. घाईत होतो. म्हणून तुझं अक्षर मी तसंच राहू दिलं."

एकेचाळीस वर्षं तो मला बघून रस्ता बदलत होता, असं त्यानं सांगितलं. मला वाटत होतं मीच बदलतो.

मग मी बसलो. त्याच्या सुनेनं चहा आणला, तो निवून गेला. त्यानं तुझ्याबद्दल विचारलं. मी तुझी सगळी हकिकत सांगितली, टेबलापासून शिंपीणबाईपर्यंत, आणि हेही सांगितलं, की मी आज आलो तो तिच्यामुळं आलो. तो म्हणाला, तिला लिही, गप्प बसलेले म्हातारे दोघं होते म्हणावं. म्हणून लिहितोय. ज्या पोरीला मी एक गोळी देऊन गप्प बसवायला निघालो होतो, तिच्याकडून मी या वयात बोलायला शिकलो, हे लिहिताना मला जराही कमीपणा वाटत नाही.

तुझा मामा